गटारात उतरणाऱ्याची बॅटरी

2027 च्या सिंहस्थासाठी नाशकात घाट-रस्त्यांची चर्चा खूप. चेंबरमध्ये उतरणाऱ्याच्या हाती कोणती बॅटरी आहे, हे कोण विचारतो? यंत्र असताना माणूस उतरवूच नये, हीच आमची भूमिका. पण उतरवतातच! गटारात मिथेन साचतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला, की साध्या बॅटरीच्या बटणाची ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून स्फोटक वायूसाठी प्रमाणित, ‘एक्स’ खुणेची, झोन 0 ची बॅटरीच हवी. खिशात मावणारी, शिरस्त्राणाला अडकणारी. सेल बाहेरच बदलावेत. विषारी वायू मात्र उजेडात दिसत नाही. त्याला गॅस मॉनिटरच लागतो. 2013 च्या नियमांत सुरक्षासाधने सक्तीची आहेत. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई तीस लाख केली. मेल्यावर तीस लाख, आणि जिवंतपणी फुटपाथवरची बॅटरी? ठेकेदाराकडे आधी प्रमाणपत्र मागा.