सोयाबीनचा ओलावा १८ टक्के, मग क्विंटलमागे घट किती?

मळणी झाली की सोयाबीन लगेच बाजारात न्यायचे की दोन दिवस वाळवायचे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. त्याचे उत्तर टक्केवारीच्या हिशोबात आहे आणि हा हिशोब बहुतेक वेळा चुकतो.

हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के धरली जाते. आपल्या मालात १८ टक्के ओलावा असेल, तर "सहा टक्के जास्त, म्हणजे क्विंटलमागे सहा किलो घट" असे वाटते. प्रत्यक्षात घट ६.८ किलो येते. कारण पाणी उडते, तसे मालाचे एकूण वजनही कमी होते आणि टक्का त्या कमी झालेल्या वजनावर मोजला जातो.

हिशोब कोरड्या भागावरून करा. तो बदलत नाही. १० क्विंटल मालात १८ टक्के पाणी म्हणजे १८० किलो. उरलेले ८२० किलो कोरडे. वाळल्यावर हेच ८२० किलो एकूण वजनाच्या ८८ टक्के असतील. ८२० भागिले ०.८८ केले की ९३२ किलो येतात. म्हणजे घट ६८ किलो.

आता भाव बघा. समजा वाळलेल्या मालाला ४,५०० रुपये दर आहे आणि ओल्याला व्यापारी ४,००० देतो. ओला विकला तर ४०,००० रुपये, वाळवून विकला तर सुमारे ४१,९०० रुपये. मधल्या १,९०० रुपयांत ताडपत्री, मजुरी आणि पावसाची जोखीम बसते का, ते आपणच ठरवायचे. व्यापाऱ्याने ४,२०० दिले तर वाळवण्यात काही राहत नाही. तिथेच देऊन मोकळे व्हावे.

उलट बाजूही आहे. माल ९ टक्क्यांपर्यंत कडक वाळवला, तर १० क्विंटलमागे सुमारे ३४ किलो वजन आपण फुकट घालवतो. त्याचा जादा दर सहसा कोणी देत नाही. शिवाय फार कोरड्या दाण्याची डाळ होते, बियाण्यासाठी तो कामाचा राहत नाही.

घरच्या बियाण्यातही हीच गफलत होते. ७० टक्के उगवण धरून एकरी ३० किलो बियाणे सांगितले जाते. ओल्या गोणपाटात ठेवलेल्या १०० दाण्यांपैकी ६२ नीट उगवले, तर आठ टक्के कमी म्हणून आठ टक्केच बियाणे वाढवू नका. ३० गुणिले ७०, भागिले ६२ करा. ३४ किलो लागेल, म्हणजे जवळपास १३ टक्के जास्त. उगवण ५० च्या आसपास आली, तर बियाणे वाढवत बसण्यापेक्षा मी ते बदलायलाच सांगेन.

आणि बाजारात नेण्यापूर्वी ओलावा मोजून घ्या. नमुना ढिगाच्या वरचा नको, मधला आणि तळाचाही घ्या.