गरोदरपणातील सवयी : दोष नको, साथ हवी

पहाटे उठल्यावर बोटावर मशेरी घेऊन दात घासायचे, वर कपभर चहा घ्यायचा आणि मग थेट दुपारी जेवायचे, हा मराठवाड्यातील असंख्य स्त्रियांचा दिनक्रम आहे. कामधंद्यासाठी खेडे सोडून छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा या औद्योगिक परिसरात आलेल्या कुटुंबांबरोबर तो शहरातही आला. दिवस राहिले म्हणून हा क्रम आपोआप बदलत नाही. प्रश्न तेथूनच सुरू होतो.

मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. ती दंतमंजन म्हणून वापरली जात असल्याने 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला अनेक जणी अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. प्रत्यक्षात, २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १७ टक्के प्रौढ स्त्रिया तंबाखूचे सेवन करीत होत्या. मुंबईतील १,२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली, असे त्यात आढळले. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वारेमार्फत बाळाला होणारा पुरवठा घटतो.

एकीत गुंतलेली दुसरी

मशेरी मात्र सहसा एकटी नसते. निकोटिनने भूक मंदावते आणि न्याहारी टळते. 'बाळ पोटात फार वाढले तर बाळंतपण अवघड जाईल' या समजुतीने शेवटच्या महिन्यांत दोन घास कमीच खाल्ले जातात. जेवणाला लागूनच चहा होतो आणि त्यातील टॅनिनमुळे अन्नातील व गोळीतील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. लोहाच्या गोळीने काहींना मळमळ व बद्धकोष्ठता होते, म्हणून गोळी बंद पडते. आणि पोट साफ व्हावे म्हणून पुन्हा मशेरीच जवळ केली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, त्यामागे अशीही चक्रे आहेत.

त्यात सगळाच दोष सवयीचा नसतो. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खाणे किंवा कारखान्याच्या पाळीसाठी उपाशीपोटी बाहेर पडणे ही स्त्रीची निवड नसते.

एका वेळी एकच पाऊल

अशा स्त्रीला एकाच भेटीत 'मशेरी सोडा, चहा सोडा, नीट खा, गोळ्या चुकवू नका' असे बजावले, की तिला काहीच जमेनासे होते. रागावले तर ती सवय लपवते; पुढची तपासणीही चुकवते. प्रत्येक गरोदर स्त्रीला तंबाखूविषयी पहिल्या भेटीपासून दरवेळी विचारावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. मात्र विचारताना 'मशेरी' हा शब्द उच्चारायला हवा, आणि सुरात दोष नको. मग तिला सर्वांत सोपे वाटेल तेथून सुरुवात करावी.

चहा सोडण्याऐवजी तो जेवणापासून व गोळीपासून तासाभराने घेता येतो. लोहाची गोळी लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० गोळ्या अपेक्षित आहेत. त्रास झाल्यास गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मशेरी सोडताना पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे आधीच सांगितले तर ती घाबरत नाही. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि सकाळी उठल्यावर काहीतरी खाणे, यांचा तेव्हा आधार होतो.

घराचा वाटा याहून मोठा आहे. सासूबाई त्याच मोरीत मशेरी लावत असतील आणि नवरा घरात विडी ओढत असेल, तर एकट्या सुनेने सवय मोडणे कठीण. तिच्याबरोबर घरानेही सोडावे आणि तिचे पान सर्वांबरोबर वाढावे.

अवघड बाळंतपणासाठी आसपासच्या जिल्ह्यांतूनही स्त्रिया घाटी रुग्णालयात येतात; पण या सवयींवरचा उपाय त्याच्या कितीतरी आधी, घराजवळच्या आरोग्य केंद्रात आणि आशा सेविकेच्या गृहभेटीत सुरू व्हायला हवा. 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत मोफत तपासणी होते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मशेरी जितकी लवकर सुटेल तितके उत्तम. पण सातव्या महिन्यात सोडली तरी बाळाला लाभ होतोच. मध्येच एखाद्या दिवशी बोट पुन्हा डबीकडे गेले, तर दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करता येते, एवढा विश्वास तिला आसपासच्यांनी द्यायचा आहे.