शेतं गिळून वाढलेलं रायस्वाइक

हेगहून डेल्फ्टकडे निघालेली गाडी काही मिनिटांतच जमिनीखाली शिरते आणि बोगद्यातच थांबते. हे रायस्वाइक. इथलं स्टेशन १९९६पासून भुयारात आहे. त्यामुळे या मार्गावर वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्या कित्येकांनी हे गाव कधी पाहिलेलंच नसतं. गाव म्हणायचं ते सवयीने. वस्ती पन्नास हजारांच्या पुढे आहे, युरोपीय पेटंट कार्यालयाची मोठी शाखा इथे आहे, आणि हेग कुठे संपलं नि रायस्वाइक कुठे सुरू झालं हे रस्त्यावरच्या पाटीशिवाय कळत नाही.

इतिहासाच्या पुस्तकात मात्र या गावाचं नाव पक्कं आहे. २० सप्टेंबर १६९७ रोजी इथल्या राजवाड्यात फ्रान्सने इंग्लंड, स्पेन आणि डचांशी तह केला. त्याच तहानुसार डचांना पुदुच्चेरी फ्रेंचांना परत द्यावी लागली. ती त्यांनी १६९३ मध्ये जिंकून घेतली होती. त्या काळात तिथून जवळच जिंजीच्या किल्ल्यात राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्याला तोंड देत होते. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचं एक बंदर कोणाचं, याचा निकाल रायस्वाइकच्या राजवाड्यात लागला. तो राजवाडा पुढे पाडला गेला. त्याच्या जागी १७९२ ते १७९४ या काळात उभारलेला दगडी स्तंभ आजही झाडीत उभा आहे. लोक त्याला ‘दे नाल्द’, म्हणजे सुई, म्हणतात आणि त्याच्या आसपास कुत्री फिरवतात.

मला विचाराल तर रायस्वाइकची खरी मातबरी या तहात नाही, मातीत आहे. १९६७ ते १९६९ या काळात इथे ‘दे ब्यूल्ट’ नावाच्या जागी उत्खनन झालं. निघाली ती रोमन काळातली शेतकऱ्यांची वस्ती, कनानेफाटी जमातीची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका घरापासून सुरुवात झाली, पिढ्यांमागून पिढ्या तिथेच राहिल्या, घरं वाढली आणि तिसऱ्या शतकात वस्ती उठली. म्हणजे राजे-रजवाडे यायच्या हजार-दीड हजार वर्षं आधीपासून इथे कोणी तरी गुरं राखत होतं, चर खणून पाणी काढून देत होतं. चर खणणं इथे आजही सुटलेलं नाही. समुद्रसपाटीच्या आसपासची, बरीचशी तिच्याही खालची ही जमीन. दोन वाफ्यांमध्ये पाण्याचा पाट हवाच, नाही तर बटाटा जागच्या जागी कुजतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई आली आणि भाजीमळे, कुरणं भराभर इमारतींखाली गेली. प्लासपूलपोल्डर या भागात उद्योगवसाहत झाली. डेल्फ्टच्या बाजूला सिओन भागात काचघरं उरली होती. गेल्या दीड दशकात तिथे ‘रायस्वाइकबाउटन’ ही गॅसजोडणीविना, जमिनीतल्या उष्णतेवर घरं तापवणारी नवी वसाहत आली. घरं चांगली आहेत, लोकांना ती हवीही होती. त्याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण भाजी पिकवणारा शेवटचा सलग पट्टाही आता हातचा जात चालला आहे, हेही तितकंच खरं.

अशा वेळी पालिकेच्या मालकीच्या जमिनीचा एक तुकडा रहिवाशांच्या शेतासाठी राखून ठेवावा, ही मागणी डच शहरांतून वारंवार उठते. सगळ्यात गाजली ती ॲमस्टरडॅमच्या पश्चिमेची ल्युत्केमेर पोल्डरची, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या जमिनीची, लढाई. जमीन पालिकेची, सुपीक, पिढ्यान् पिढ्या कसलेली, आणि आराखडा गोदामांच्या उद्योगवसाहतीचा. तिथल्या सेंद्रिय शेतकऱ्यांनी आणि रहिवाशांनी ‘फूडसेलपार्क’, म्हणजे अन्नाची बाग, असा पर्यायी आराखडाच मांडला. मोर्चे काढले, कोर्टाची पायरी चढली, पैसे गोळा केले.

अशा मागणीला पालिका ‘नाही’ का म्हणते? द्वेषाने नव्हे, हिशेबाने. डच पालिका शेतजमीन विकत घेते, तिच्यावर वाळूची भर घालते, रस्ते आणि गटारं टाकते आणि मग घरबांधणीच्या भावाने विकते. या विक्रीचं उत्पन्न तिने आधीच वहीत धरलेलं असतं. देशात नुसत्या शेतजमिनीचा भाव हेक्टरी ऐंशी हजार युरोंच्या वर गेला आहे आणि बांधकामाच्या जमिनीचा त्याच्या कित्येक पट. पालक आणि कोबी विकून ही रक्कम कधीच उभी राहत नाही. म्हणून शेत मागणाऱ्यांनी ‘हे फायद्याचं आहे’ असं सांगत सुटू नये. बाग, वाचनालय, पोहण्याचा तलाव कुठे फायद्यात चालतात? शेत त्याच रांगेत मागायला हवं.

फायद्याच्या गोष्टीचं काय होतं, ते रायस्वाइकला लागून असलेल्या हेगमध्येच दिसलं. ‘दे स्खिल्दे’ या जुन्या कारखान्याच्या इमारतीच्या गच्चीवर २०१६ मध्ये भलं मोठं काचघर सुरू झालं. खालच्या मजल्यावर टाक्यांत तिलापिया मासे, त्यांच्या पाण्यावर वर भाजी. जगभरातून पत्रकार आले. २०१८ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं.

याउलट बॉक्स्टेल गावात त्याच २०१६ साली सुरू झालेलं ‘हेरेनबूरेन’ शेत टिकलं आणि त्याच्या धर्तीवर देशभर शेतं निघाली. त्याची रीत साधी आहे. सुमारे दोनशे कुटुंबं एकत्र येतात, प्रत्येकी दोन हजार युरो एकदाच भरतात, वीस हेक्टर म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नास एकर जमीन घेतात आणि पगारी शेतकरी नेमतात. त्यापुढे दर आठवड्याला ठरलेली रक्कम द्यायची आणि जे पिकेल ते घरी न्यायचं. बाजारात विकायचं नाही, म्हणून बाजार पडण्याची भीतीही नाही. फेब्रुवारीत मात्र पुन्हा लीक, पुन्हा कोबी, पुन्हा बीट. तक्रार करायची सोय नाही, मालक आपणच!

या दोन गोष्टींमधला मोठा फरक उत्साहाचा नाही. उत्साह दोन्हीकडे होता. बॉक्स्टेलच्या गिऱ्हाइकाने पैसे आधी मोजलेले होते. त्याच्याच जोडीला दुसरी गोष्ट येते, ती मुदतीची. २००८च्या मंदीत बांधकामं थांबली तेव्हा अनेक पालिकांनी पडीक भूखंडांवर ‘तात्पुरत्या’ बागा करू दिल्या. मंदी सरली आणि बागा उठवल्या गेल्या. जमीन एकेका वर्षाच्या करारावर असेल तर कसणारा माणूस खतात, झाडांत, निचऱ्यात पैसा घालत नाही. घालूही नये. सफरचंदाचं झाड धरायलाच काही वर्षं लागतात. कुळकायद्याच्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून रायस्वाइकमध्ये असो की आणखी कुठे, माझ्या मते दोन हेक्टर वीस वर्षांसाठी मिळत असतील तर दहा हेक्टर तीन वर्षांसाठी नाकारावेत.

कायद्याचा एक पेच इथे लक्षात ठेवावा लागतो. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी डच सर्वोच्च न्यायालयाने डीदाम गावच्या जुन्या नगरभवनाच्या प्रकरणात निकाल दिला की पालिकेने आपली मालमत्ता मनाला येईल त्याला परस्पर विकायची नाही. इच्छुक अनेक असतील तर सर्वांना समान संधी आणि आधी जाहीर केलेले निकष हवेत. खालच्या न्यायालयांनी हाच नियम भाडेपट्ट्यालाही लावला आहे. एखाद्या मंडळाने सभासद जमवले, आराखडा केला आणि पालिकेनेही होकार दिला, तरी जमीन थेट त्यांच्या पदरात पडत नाही. तेव्हा भांडायचं ते निकषांवर. रसायनांविना शेती, परिसरातल्या रहिवाशांना सभासदत्व, शाळांसाठी वाफे हे निकष जाहिरातीत आले तर गोदामवाला आपोआप बाजूला पडतो. आणि ही जमीन शेतीसाठीच, असं नियोजन आराखड्यात आधी लिहून घेतलं असेल तर अधिकच बरं. आपल्याकडे ‘आरक्षण टाकणं’ म्हणतात तेच हे. आपल्याकडच्या आरक्षणांचं पुढे काय होतं हा विषय वेगळा.

हेग, डेल्फ्ट आणि रायस्वाइक परिसरात मराठी घरं बरीच आहेत. मेथी, चवळीच्या लांब शेंगा आणि कारली यांच्यासाठी त्यांची हेगच्या मोठ्या बाजारात फेरी असतेच. सुरिनाममार्गे आलेल्या भारतवंशीयांमुळे तिथे हे सगळं मिळतं. या घरांनी शेताच्या मागणीत मागे राहू नये. पालिकेच्या समितीसमोर कोणत्याही रहिवाशाला काही मिनिटं बोलता येतं, त्यासाठी फक्त आधी नाव नोंदवायचं असतं. आणि नेदरलँड्समध्ये सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं असेल, तर भारतीय पासपोर्ट हातात असतानाही पालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं.