घरच्या घरी आनापानसती : सुरुवात दहा मिनिटांची

नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये युवकांच्या बैठकीत ध्यानाचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, अन्याय होत असताना आम्ही डोळे मिटून बसायचं का?"

प्रश्न रास्त आहे. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाल्याची फिर्याद आहे. अशा वेळी कुणी "शांत राहा" म्हटलं की मलाही चीड येते.

पण ध्यान म्हणजे गप्प बसणं नव्हे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नुसती समाधी आणि सम्यक समाधी यांत फरक केला आहे. नुसत्या एकाग्रतेने मनातले अडथळे तेवढ्यापुरते थांबतात. सम्यक समाधी मनाला कुशल विचार करण्याची कायमची सवय लावते. फिर्याद देताना, निवेदन लिहिताना, व्हॉट्सअ‍ॅपवरची भडक पोस्ट पुढे ढकलण्याआधी कार्यकर्त्याला हीच सवय उपयोगी पडते.

सुरुवात आनापानसतीपासून करावी. आनापान म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास, सती म्हणजे जागरूकता. मज्झिम निकायातील आनापानसती सुत्तात तिच्या १६ पायऱ्या सांगितल्या आहेत. नवख्याला पहिली पुरे: श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आहे हे जाणणं.

त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात एक कोपरा आणि एक सतरंजी पुरते. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा, पाठ ताठ पण सैल ठेवा. मोबाइल सायलेंट करून १० मिनिटांचा गजर लावा. त्रिशरण-पंचशील म्हणा आणि डोळे मिटा. नाकपुडीपाशी श्वासाचा स्पर्श जाणवेल, तिथे लक्ष ठेवा. श्वास मुद्दाम लांबवू नका, रोखू नका. मन फारच भटकत असेल तर १ ते १० श्वास मोजा. मोजण्याची रीत विसुद्धिमग्गात आहे. गोएंका गुरुजींच्या परंपरेत मोजत नाहीत. कोणतीही एकच पद्धत धरा.

मन भटकणारच. कालचं भांडण, परीक्षेचा निकाल, हप्ता आठवेल. भटकलं हे लक्षात आलं की स्वतःवर न चिडता श्वासाकडे परत या. हे परत येणं हाच सराव आहे. झोप येत असेल तर डोळे उघडा, तोंड धुऊन या. पाय बधिर झाला तर हळूच बदला.

शेवटची दोन मिनिटं मैत्रीभावनेला द्या: आधी स्वतःसाठी, मग घरच्यांसाठी, मग सर्वांसाठी. अन्याय करणाऱ्याबद्दल मैत्री म्हणजे केस मागे घेणं नव्हे. लढा कायद्याने चालूच राहील, पण द्वेषाने आपलं मन जाळून घ्यायचं नाही.

एक गोष्ट मुलांना खास सांगते. तुम्ही सकाळी बसता तेव्हा आई पाणी भरत असते, डबे करत असते. तिच्या वाट्याचं काम उचला आणि तिलाही १० मिनिटं मिळू द्या. समतेशिवाय ध्यान अपुरं आहे.

ध्यान हा औषधाला पर्याय नाही. लातूरच्या खोल्यांवर राहून नीटची तयारी करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, बसल्यावर घाबरायला होत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

महिनाभर जमलं की विहारात रविवारच्या वंदनेनंतर सर्वांनी मिळून बसा. पुढे इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रावर १० दिवसांचं शिबिर करता येईल. तिथे शुल्क नाही, दानावर चालतं.

उद्या सकाळी मात्र फक्त १० मिनिटं. मग मोर्चा आहेच.

जय भीम! नमो बुद्धाय!