पोटरी दुखते, म्हातारपण म्हणून सोडू नका

गेल्या हिवाळ्यात मी लेकीकडे टोकियोत होते. तिचे घर हिगाशी-कसाईत आहे. एका दुपारी नातवाला घेऊन कसाई स्टेशनखालच्या भुयारी रेल्वेच्या संग्रहालयात निघाले, तर पंधरा मिनिटांच्या वाटेत तीनदा थांबावे लागले. डावी पोटरी आवळून येई, दोन मिनिटे उभी राहिले की मोकळी होई. नातवाला म्हटले, "आजीला थंडी बाधते." जन्मभर नर्स होते, तरी खोटे बोलले.

लेक ऐकणारी नाही. तिने दवाखान्यात नेले. तिथे दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधून रक्तदाब मोजला. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागतात, उत्तर ०.९ किंवा कमी आले, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असे समजतात. माझे डावीकडे ०.६८ आले.

लेकीच्या शेजारणीने तेव्हा हिदेओ मुराता या जपानी गायकाची आठवण काढली. मधुमेहापायी १९९६ साली त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, २००० साली डावाही.

मला मात्र आमच्या वॉर्डातले एक मास्तर आठवले. अंगठा काळा पडलेला. रात्री कळा येत, म्हणून पाय पलंगाखाली सोडून बसत. डॉक्टर म्हणत, गुडघ्याखाली कापू. मास्तर म्हणत, "बघू." तीन आठवड्यांत सड वर चढली आणि पाय मांडीतून गेला. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालणे पुष्कळ सोपे जाते. मास्तर पुढे खुर्चीवरच राहिले.

ते आपल्यातलेच. त्यांच्या पत्नीने हळूच विचारले, "सिस्टर, पाय आम्हांला मिळेल ना? दफन करायचा आहे." ही आपली रीत ऑपरेशनच्या आधीच सर्जनला सांगून ठेवा. मागाहून विचारून उपयोग नसतो.

मधुमेह असेल तर पायाला जखम झालेली कळतही नाही. रोज रात्री तळवे आरशात पाहा. गार पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजते. विडी सोडा, आणि बायकांनो, मशेरीसुद्धा तंबाखूच! पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर झाला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच घटकेला इस्पितळ गाठा.

मला गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितले: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. आता ठाण्याला परतले आहे. काल तलावपाळीच्या फेरीत एकदाच थांबले.