आधी कपॅसिटर, मग व्हॉल्व्ह

माळ्यावरून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हाती आला, की नवख्या माणसाच्या मनात दोन समजुती तयारच असतात. बिघडलं असेल ते व्हॉल्व्हच, ही पहिली. प्लग लावून आवाज येतो का ते बघितल्याशिवाय काही कळणार नाही, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. लक्ष जातं ते उजळणाऱ्या काचेच्या नळीकडे. चॅसिसच्या पोटात दडलेल्या मेणकागदी कपॅसिटरकडे कुणी बघत नाही. साठ-सत्तर वर्षांत म्हातारपण येतं ते मात्र त्या कपॅसिटरला, आणि दुरुस्तीचा सगळा क्रम त्यावरूनच ठरायला हवा.

व्हॉल्व्ह झिजतो तो वापराने. त्याच्या कॅथोडवरचा ऑक्साइडचा थर तापला की इलेक्ट्रॉन सोडतो, आणि तो थर कमजोर होतो तो चालवलेल्या तासांनी. कपाटात पडून राहिलेल्या वर्षांनी त्याचं फारसं बिघडत नाही. ईसीसी८३सारखा छोटा व्हॉल्व्ह नीट वापरला तर हजारो तास टिकतो. म्हणून फिलिप्सचे किंवा बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आजही उत्तम चालताना आढळतात. खराब व्हॉल्व्हची एक खूण डोळ्यांना दिसते: काचेच्या आतल्या बाजूचा रुपेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह गेला. काचेच्या कडेला दिसणारी निळसर झाक मात्र बहुधा निरुपद्रवी असते. घाबरायचं ते प्लेटच्या आत पसरलेल्या जांभळट प्रकाशाला. एवढं पाहून झालं, की व्हॉल्व्ह काढून, जागा लिहून बाजूला ठेवावेत. नवा संच आधी विकत घेणं हा उलटा क्रम आहे, कारण सदोष सर्किटमध्ये लावलेला नवा व्हॉल्व्हही जळतो.

तो कसा जळतो, हे आकड्यांनीच पाहावं. एका टप्प्याचा आवाज पुढच्या व्हॉल्व्हकडे नेणारा जो कपॅसिटर असतो, त्याचं काम आवाजाचा सिग्नल जाऊ देणं आणि डीसी दाब अडवणं. जुन्या मेणकागदी कपॅसिटरमध्ये वर्षानुवर्षं दमट हवेतली ओल मुरते आणि तो डीसी थोडा थोडा गळू देतो. समजा, आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर १५० व्होल्ट आहेत, पुढच्या ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रीडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि कपॅसिटरची गळती १० मेगाओहमची आहे. साध्या मल्टिमीटरवर असा कपॅसिटर चांगलाच वाटेल, कारण मीटर त्याला जेमतेम काही व्होल्ट देऊन तपासतो. प्रत्यक्षात ग्रीडवर मात्र जवळजवळ ६.७ व्होल्टचा धन दाब येतो. ईएल८४ला २५० व्होल्टवर सुमारे ७.३ व्होल्टचा ऋण बायस लागतो. म्हणजे तो बहुतांश पुसला गेला. कॅथोडचा रेझिस्टर यातला काही भाग सावरतो, पण प्रवाह वाढायचा तो वाढतोच. प्लेट लाल होते, व्हॉल्व्ह जातो, आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. खरी हानी ती, कारण नेमका तसा ट्रान्सफॉर्मर सहसा मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो. नवा फिल्म कपॅसिटर फार तर एका वडापावाच्या किमतीचा असतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की ॲम्प्लिफायर चालतोय, आवाजही गोड आहे, मग हात का लावायचा? याचं उत्तर वरच्या हिशेबात आहे. गळती सुरू झालेला ॲम्प्लिफायर काही महिने छान वाजू शकतो. आवाज बिघडेपर्यंत थांबणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर पणाला लावणं. दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: व्हॅरिॲकने, म्हणजे दाब कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, दाब हळूहळू चढवला, की जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पुन्हा तयार होतात. यात अर्धं सत्य आहे. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर खरोखरच पुन्हा बनतो, पण आतला सुकून गेलेला द्रव परत येत नाही. शिवाय रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल, तर कमी दाबाला त्याचा फिलामेंट पुरेसा तापतच नाही, म्हणजे कपॅसिटरपर्यंत दाब हवा तसा हळूहळू पोहोचत नाही. पहिल्यांदा वीज देताना ६० ते १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावणं अधिक उपयोगाचं. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भरभक्कम पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एलईडी बल्बने हे काम होत नाही. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये, कारण भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब त्याचं इन्सुलेशन फोडू शकतो.

अस्सलपणा जपायचा म्हणून मूळचा एकही भाग बदलू नये, असं मानणारे संग्राहक आहेत आणि त्यांच्या भावनेत तथ्य आहे. पण जळलेला ट्रान्सफॉर्मर हाही मूळ भागाचाच नाश आहे. जुना कपॅसिटर पोकळ करून नवा त्याच्या आत बसवता येतो, काढलेले भाग पिशवीत जपता येतात. याच्या दुसऱ्या टोकाला सगळं एकदम बदलण्याची घाई असते, तीही वाईट. एकाच दिवशी वीस भाग बदलले आणि सेट मुका झाला, तर चूक कोणत्या सोल्डरमध्ये आहे ते शोधणं कठीण होतं. आधी फोटो काढावेत. मग कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकेक करून बदलावेत. मायका व सिरॅमिक सहसा चांगले असतात, त्यांना हात लावू नये. कार्बनचे रेझिस्टर मोजावेत, वयानुसार त्यांचा रोध वाढत जातो.

राहिला सगळ्यात धोकादायक गैरसमज: प्लग काढला की यंत्र निर्धोक झालं. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ३०० व्होल्ट प्लग काढल्यानंतरही बराच वेळ टिकू शकतात. काही किलोओहमच्या, पुरेशा वॉटच्या रेझिस्टरने ते उतरवावेत, मीटरने शून्य पाहावं आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजावं, कारण थोडा दाब परत उभा राहतो. पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी रेडिओंमध्ये तर चॅसिस थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला तर त्यावर २३० व्होल्ट येतात. व्हॅरिॲक तिथे संरक्षण देत नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर देतो, पण तोही एचटीच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणाऱ्या उच्च दाबाच्या, डीसीपासून वाचवत नाही. नवख्याने पहिला सेट निवडताना त्याला पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे ना, एवढं नक्की पाहावं. नसेल तर तो सेट अनुभवी मेकॅनिकसाठी ठेवावा.