गोळीत ५०० एमजी औषध आहे हे ठरतं कसं? समजून घेऊया रेफरन्स स्टँडर्ड

कळंबच्या मेडिकलमधून तापाची गोळी घ्या किंवा मुंबईतून, स्ट्रिपवर 'पॅरासिटामॉल टॅब्लेट्स आयपी ५०० एमजी' असं छापलेलं असतं. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, देशातल्या औषधांच्या दर्जाचं अधिकृत नियमपुस्तक. त्यानुसार या गोळीत छापलेल्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के, म्हणजे ४७५ ते ५२५ एमजी औषध हवं. पण हे मोजतात कसं?

मशीन फक्त तुलना करतं

अशा तपासणीत सर्रास वापरलं जाणारं मशीन म्हणजे एचपीएलसी. गोळी विरघळवून मशीनमध्ये सोडली की त्यातले घटक वेगळे होतात आणि स्क्रीनवर प्रत्येकाचा 'पीक' दिसतो. पण केवढा पीक म्हणजे किती एमजी, हे मशीनला माहीत नसतं. म्हणून शुद्धता आधीच ठरवलेलं पॅरासिटामॉल अचूक तोलून त्याच मशीनमध्ये सोडतात आणि दोन्ही पीक ताडून बघतात. हेच रेफरन्स स्टँडर्ड. आयपीची अधिकृत स्टँडर्ड्स गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन देतं. खालापूरच्या पाताळगंगा-खोपोली पट्ट्यासारख्या ठिकाणचे औषध कारखाने त्यांच्याशी ताडून रोजच्या वापरासाठी आपलं 'वर्किंग स्टँडर्ड' बनवू शकतात.

मग स्टँडर्डची शुद्धता कोण तपासतं?

आधी पदार्थ तोच आहे ना, हे इन्फ्रारेड, एनएमआर वगैरे चाचण्यांनी पक्कं करतात. मग येते वजाबाकी. समजा इतर रासायनिक अशुद्धी ०.२ टक्के, पाणी ०.३, उरलेलं सॉल्व्हंट ०.१ आणि राख ०.१ टक्का निघाली. १०० मधून हे वजा केलं की शुद्धता ९९.३ टक्के.

यात एक गोची आहे. जी अशुद्धी शोधलीच नाही, ती वजाही होत नाही. म्हणून क्यूएनएमआरसारख्या वेगळ्या पद्धतीने शुद्धता थेट मोजून बघतात. दोन्ही आकडे जुळले तर भरवसा वाढतो. शिवाय सगळ्या कुप्यांमधला माल एकसारखा आहे का आणि काही महिन्यांनी तसाच राहतो का, हेही तपासावं लागतं.

दोन टक्क्यांनी काय बिघडतं?

कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. टेस्टमधली अपेक्षित व्हॅल्यूच चुकीची असेल, तर चुकीचा कोडही पास होतो.

समजा स्टँडर्डवर ९९ टक्के लिहिलंय, पण ओल धरल्यामुळे ते प्रत्यक्षात ९७ टक्केच आहे. आता ४६६ एमजीची गोळी तपासली तर उत्तर येतं ४६६ × ९९ ÷ ९७, म्हणजे सुमारे ४७५.६ एमजी. नापास व्हायला हवी ती गोळी पास! मशीन नीट, माणूस हुशार, तरी निकाल चुकीचा. आणि त्या स्टँडर्डवर तपासलेल्या प्रत्येक बॅचमध्ये हीच चूक जाते.

अशुद्धी मोजायलाही स्टँडर्ड लागतं. पॅरासिटामॉलमध्ये ४-अमिनोफिनॉल राहू शकतं आणि ते किडनीला घातक आहे. ते किती उरलंय हे सांगायला ४-अमिनोफिनॉलचं स्वतंत्र स्टँडर्ड हवं.

सोन्यालाही हाच नियम

मुंबईच्या सरकारी टाकसाळीने, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्यासोबत, ९९.९९ टक्के शुद्ध सोन्याचं भारतीय स्टँडर्ड तयार केलंय. त्याचं नाव बीएनडी-४२०१, म्हणजे भारतीय निर्देशक द्रव्य. सोनं इतकं शुद्ध असलं की त्यातल्या सगळ्या अशुद्धी मिळून दहा लाखात फक्त १०० भाग उरतात. त्या शोधून, मोजून १०० टक्क्यांतून वजा करणं, हेच इथलं खरं काम.